जंतू आटोक्यात आले तरी फुप्फुसातली सूज का उतरत नाही? (एसपी-ए, एसपी-डीबद्दल प्रश्न)

श्वासमात्रा:

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आयसीयूतल्या पेशंटच्या छातीचं काम बघते. बॅक्टेरियल न्यूमोनियात एक गोष्ट वारंवार दिसते. ताप उतरतो, कल्चर निगेटिव्ह येतं, डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन आटोक्यात आहे. पण ऑक्सिजन काही कमी करता येत नाही आणि एक्स-रेमधले पांढरे पट्टे जागचे हलत नाहीत. जंतू गेले, पण त्यांच्यासाठी जमवलेली फौज अजून आतच ठाण मांडून आहे, एवढं मला कळतं.

मध्यंतरी वाचलं की फुप्फुस स्वतःच काही प्रथिनं बनवतं, सरफॅक्टंटमधली (म्हणजे वायुकोशांच्या आतल्या द्रवातली) एसपी-ए आणि एसपी-डी, आणि ती जंतूंना पकडतातही आणि दाह शांतही करतात. इथे माझं गाडं अडलं. एकच प्रथिन हल्ला करायलाही सांगतं आणि थांबायलाही सांगतं, हे कसं? कधी काय सांगायचं ते त्याला कळतं कुठून?

दुसरं, नवजात बाळांना सरफॅक्टंट देतात तसं हे मोठ्यांना देता येईल का? आणि तिसरं, माझ्या पोटापाण्याचं: खोल श्वासाच्या व्यायामांचा याच्याशी काही संबंध आहे का?

पुस्तकातल्या व्याख्या नकोत, त्या माझ्याकडे आहेत.

रात्रपाळी:

ताई, वॉर्डात आम्ही याचं उत्तर स्टेरॉइडमध्ये शोधतो. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या केप कॉड चाचणीचे आकडे आले. रुग्णालयाबाहेर झालेला गंभीर न्यूमोनिया असलेल्या आयसीयूतल्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन दिलं, तर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. म्हणजे दाह हाच निम्मा शत्रू. पण फ्लूच्या न्यूमोनियात हेच औषध देताना हात आखडता घ्यावा लागतो. सरसकट दाह दाबणं म्हणजे उपचार नव्हे. प्रथिनांचं मात्र बुडबुडाकाकूंनाच विचारा, त्या त्याच पाण्यात मुरलेल्या आहेत.

बुडबुडा:

हाक मारलीच आहे तर येते. निवृत्त होईपर्यंत माझं काम एसपी-ए शुद्ध करण्याचं होतं, त्यामुळे या प्रथिनाबद्दल मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगते.

श्वासमात्राताई, आधी जागा बघा. दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश. आतला पृष्ठभाग साधारण ७० चौरस मीटर. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ. त्वचेवर गळू आलं, लाल झालं, सुजलं, तरी माणूस दोन दिवस चिडचिड करून कामाला लागतो. वायुकोशात तेवढीच सूज आली की त्या कोशात हवेऐवजी पाणी. आणि प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, बुरशीचे कण, जंतूंचे तुकडे आत येतच असतात. त्या प्रत्येकासाठी धोक्याची घंटा वाजली तर श्वास घेणंच धोक्याचं ठरेल. त्यामुळे वायुकोशातली नेहमीची स्थिती म्हणजे मुद्दाम राखलेली शांतता. तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी, मुळात दबलेल्या असतात, त्यांना आजूबाजूचं अस्तर दाबून ठेवतं.

हे दाबण्याचं काम ज्या द्रवात चालतं ते सरफॅक्टंट. साधारण ९० टक्के स्निग्ध पदार्थ, १० टक्के प्रथिनं. एसपी-बी आणि एसपी-सी ही छोटी, तेलकट प्रथिनं. वायुकोश मिटू नये म्हणून पृष्ठताण कमी ठेवणं हे त्यांचं काम. एसपी-ए आणि एसपी-डी वेगळ्या घराण्यातली: आकाराने मोठी, पाण्यात विरघळणारी. एसपी-एमध्ये १८ साखळ्या, तीन-तीनचे सहा गट, देठाशी बांधलेल्या फुलांच्या गुच्छासारखी रचना. एसपी-डीमध्ये १२ साखळ्या, चार हात, अधिक चिन्हासारखी. प्रत्येक गटाच्या टोकाला एक डोकं, आणि ते कॅल्शियमच्या मदतीने जंतूच्या अंगावरच्या शर्करा पकडतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. २००३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या गटाने एक मांडणी केली, आणि ती अजूनही या विषयात सगळ्यात जास्त सांगितली जाते. डोकी रिकामी असतील तर ती मॅक्रोफेजवरच्या सर्प-अल्फा नावाच्या रिसेप्टरला जाऊन लागतात, आणि तिथून आत शांत राहण्याचा निरोप जातो. जंतू आला, डोकी त्याला चिकटली, की डोकी गुंतली. आता मॅक्रोफेजच्या दिशेला शेपट्या राहतात. एका जंतूवर अशी अनेक प्रथिनं बसलेली असल्याने शेपट्यांचा गठ्ठाच तयार होतो. तो मॅक्रोफेजवरच्याच कॅलरेटिक्युलिन आणि सीडी९१ या जोडीला लागतो, आणि निरोप उलटा जातो: उठा, कामाला लागा. प्रथिनाला काहीही कळावं लागत नाही. डोकं मोकळं आहे की गुंतलेलं, एवढ्यावर भागतं.

मांडणी देखणी आहे. इतकी देखणी की लोकांनी ती जरा घाईनेच स्वीकारली, असं माझं मत. प्रत्यक्षात आणखी दोन-तीन वाटा आहेत. एसपी-ए थेट टीएलआर२ ला (टीएलआर म्हणजे जंतूंचे भाग ओळखून घंटा वाजवणारे रिसेप्टर) चिकटून जंतूच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनचा निरोप अडवतं. सीडी१४ आणि टीएलआर४ सोबतच्या एमडी-२ लाही ते धरतं, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या एलपीएसचा, त्यांच्या बाह्य आवरणातल्या विषाचा, आवाजही कमी होतो. इथे शेपटी-डोक्याचा हिशेबच नाही, दारातच उभं राहायचं.

पण ताई, तुमच्या प्रश्नाचं मर्म मला एका उंदरांवरच्या प्रयोगात सापडतं. २००० साली प्रसिद्ध झालेला. काही उंदरांत एसपी-एचं जनुक काढलेलं, काहींत एसपी-डीचं, काही साधे. तिघांच्याही श्वासनलिकेत गट बी स्ट्रेप्टोकॉकस किंवा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा सोडले. एसपी-ए नसलेल्या उंदरांत जंतू मारण्याचं काम मंदावलं आणि दाह वाढला. यात नवल नाही. जंतू जास्त, म्हणून दाह जास्त, असं म्हणता येतं. एसपी-डी नसलेल्या उंदरांत मात्र जंतू साध्या उंदरांइतकेच मेले. मारण्यात कुठेही उणं नाही. आणि तरीही दाह वाढला, फौज जास्त आली, मॅक्रोफेज जास्त ऑक्सिडंट ओकू लागले.

हा निकाल पुन्हा वाचा. जंतू मारणं आणि फौज आवरणं ही दोन वेगळी कामं आहेत, एक नीट झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. तुमच्या पेशंटचं कल्चर पहिल्या कामाचा हिशेब देतं. ऑक्सिजन कमी करता येत नाही, तो दुसऱ्या कामाचा.

जेवण आटोपून उरलेलं लिहिते.

शंकेखोर:

काकू जेवून येईपर्यंत एक खडा टाकतो. एसपी-ए दाह *वाढवतं* असं सांगणारे शोधनिबंधही भरपूर आहेत, मी स्वतः वाचलेत. दोन्ही बाजूंचे पुरावे असतील तर "दाह आवरणारं प्रथिन" हे बिरुद कशाच्या जोरावर? आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

बुडबुडा:

खडा नेमक्या जागी पडला. एसपी-ए आणायचं कुठून, यातच त्याचं अर्धं उत्तर आहे.

माणसाचं एसपी-ए मोठ्या प्रमाणात हवं असेल तर एक जुना मार्ग म्हणजे अल्व्हिओलर प्रोटिनोसिसचे रुग्ण. १९५८ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन झालं. यात बहुतेक रुग्णांत जीएम-सीएसएफ या संदेशप्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, मॅक्रोफेज सरफॅक्टंट उपसू शकत नाहीत आणि ते साचत जातं. उपचार म्हणून भूल देऊन एकेक फुप्फुस कोमट सलाइनने धुतात, लिटरच्या लिटर. बाहेर येणारं पाणी दुधासारखं पांढरं असतं, बरणीत ठेवलं की खाली गाळ बसतो. आम्ही ते रुग्णाच्या संमतीने घ्यायचो, गाळ वेगळा करायचा, ब्युटेनॉलने स्निग्ध पदार्थ काढायचे, मग प्रथिन धुत बसायचं. ब्युटेनॉलचा वास कपड्यांतून जात नाही. घरात कोणी जवळ बसायचं नाही.

आता गोम अशी, की एसपी-ए स्वभावानेच एलपीएसला चिकटतं. म्हणजे तुमच्या शुद्ध प्रथिनाबरोबर जंतूंचं विष फुकटात येतं. ते मॅक्रोफेजवर टाकलं की टीएनएफ हे दाह चेतवणारं संदेशप्रथिन वाढणारच, आणि निष्कर्ष निघतो की एसपी-ए दाह वाढवतं. वाढवलं कोणी, हा प्रश्न राहतोच. पुढे पॉलिमिक्सिन वापरून एलपीएस काढणं आणि नालखेकड्याच्या रक्तावर आधारलेल्या लिम्युलस चाचणीने उरलेलं मोजणं नेहमीचं झालं. कुठलाही जुना निबंध हातात आला की मी आधी साहित्य आणि पद्धतीचं पान उघडते. एंडोटॉक्सिन, म्हणजे हेच एलपीएस, मोजलेलं नसेल तर पुढचे आलेख बघत नाही.

पण सगळा दोष अशुद्धीवर ढकलणं लबाडीचं होईल. काही विरोधाभास खरे आहेत. एलपीएस कोणत्या जातीचं, लांब शर्करासाखळीचं की तोकडं, यावरही उत्तर बदलतं. पेशी कोणत्या अवस्थेतली, यावरही. म्हणून "दाह आवरणारं" यापेक्षा "दाहाचं प्रमाण ठरवणारं" म्हणेन मी. बिरुद मागे घेतलं, खूश?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. एक फरक तर जनुकातच आहे. माणसाकडे एसपी-एची दोन जनुकं, उंदराकडे एक.

शंकेखोर:

खूश. पुढचं लिहा.

बुडबुडा:

हं. कल्चर निगेटिव्ह, तरी दाह चालू. कारणं एकाहून जास्त आहेत, पण मी माझ्या प्रथिनांपुरतं बोलते.

एक तर मेलेला जंतू म्हणजे नाहीसा झालेला जंतू नव्हे. अँटिबायोटिकने फुटलेल्या जंतूच्या भिंतीचे तुकडे, एलपीएस, सगळं तिथेच पडलेलं असतं. कल्चरला ते दिसत नाही, टीएलआरला दिसतं.

दुसरं, न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातून धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. या पेशी येतात, इलास्टेज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) आणि ऑक्सिडंट सोडतात, आणि थोड्या वेळात मरतात. मरताना त्या फुटण्याआधी मॅक्रोफेजने त्यांना गिळायला हवं, नाहीतर आतलं सगळं बाहेर सांडतं. गंमत अशी, की मेलेला न्यूट्रोफिल गिळला की मॅक्रोफेजचा नूरच पालटतो. तो टीजीएफ-बीटा, आयएल-१० असे शांत करणारे निरोप सोडू लागतो. म्हणजे दाह संपण्याची आज्ञा वरून कुठून येत नाही, साफसफाईतून येते. आणि एसपी-ए, एसपी-डी या गिळण्याला मदत करतात. माझ्या मते जंतू पकडण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे आणि त्याला मिळतो त्याच्या चौथाईही मान मिळत नाही.

आता गंभीर न्यूमोनियात काय होतं बघा. न्यूट्रोफिलचं इलास्टेज याच प्रथिनांना कापतं. स्यूडोमोनास असेल तर त्याच्याकडे स्वतःचीही कातरणारी एन्झाइमं आहेत. ही प्रथिनं बनवणाऱ्या टाइप-२ पेशी जखमी होतात. पडदा गळका झाल्याने रक्तातली प्रथिनं वायुकोशात येऊन सरफॅक्टंट बिघडवतात. शिवाय दाहात नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार होतं. २००८ मध्ये दाखवलं गेलं की ते एसपी-डीला विशिष्ट जागी जोडलं की १२ साखळ्यांची ती जोडणी सुटते, तीन-तीनचे तुकडे पडतात, आणि हे तुकडे शांत करण्याऐवजी चिथावतात. तोच रेणू, तेच जनुक, पण फुटला की पक्ष बदलला. ब्रेक सगळ्यात जास्त लागणार त्याच वेळी झिजलेले. म्हणून काही फुप्फुसं आपोआप शांत होतात आणि काही होत नाहीत.

यात एकटी सरफॅक्टंट प्रथिनंच नाहीत, हेही नोंदवते. इलास्टेजला आवरायला श्वसनमार्गाच्या अस्तरातून एसएलपीआय नावाचं प्रथिन येतं, यकृतातून रक्तामार्गे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन येतं. त्याची कमतरता १९६३ मध्ये स्वीडनमध्ये सापडली, आणि अशा माणसांना तरुणपणीच एम्फिसिमा (वायुकोशांच्या भिंती झिजून जाणं) का होतो याचा उलगडा झाला. सिगारेटचा धूर याच प्रथिनाच्या मोक्याच्या मेथिओनिनचं ऑक्सिडीकरण करून त्याला निकामी करतो. एसपी-डी नसलेल्या उंदरांनाही कोणताही जंतू न सोडता एम्फिसिमा होतो. वेगवेगळी प्रथिनं, पण पहारा ढिला पडला की नुकसान त्याच भिंतीचं.

मायकोबॅक:

मध्येच विचारतो, टीबीमध्ये काय? मॅक्रोफेजने गिळणं हेच तर टीबीच्या जंतूला हवं असतं ना?

बुडबुडा:

अगदी. तिथे या दोघांची दिशाच वेगळी होते. प्रयोगशाळेत एसपी-ए असताना मॅक्रोफेज टीबीचे जंतू जास्त गिळतात, एसपी-डी असताना कमी. एसपी-डी जंतूच्या अंगावरच्या लिपोअरॅबिनोमॅननला धरतं आणि त्याची मॅक्रोफेजकडे जायची वाट अडते. म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच्या वेळी उपयोगी पडणारी मदत टीबीच्या वेळी जंतूला दार उघडून देऊ शकते. यावर स्वतंत्र धागा काढा, इथे विषयांतर होईल.

श्वासमात्रा:

काकू, कल्चर एका कामाचं आणि ऑक्सिजन दुसऱ्या कामाचा, हे मी वहीत लिहून ठेवलं. माझे दोन प्रश्न मात्र राहिले. देता येतं का, आणि व्यायाम?

बुडबुडा:

देण्याबद्दल आधी. १९८० मध्ये जपानमधल्या फुजिवारांच्या गटाने श्वास अडलेल्या दहा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना गाईच्या फुप्फुसावर आधारित सरफॅक्टंट दिलं आणि नवजात बाळांच्या डॉक्टरांचं जगच बदललं. पण आजही प्राण्यांच्या फुप्फुसातून काढलेली जी सरफॅक्टंट बाळांना देतात, त्यांत एसपी-बी आणि एसपी-सी असतात. एसपी-ए, एसपी-डी नसतात. सेंद्रिय द्रावकाने काढताना पाण्यात विरघळणारी प्रथिनं मागेच राहतात. मी ज्याच्यासाठी हयात घालवली ते प्रथिन कारखान्यात धुऊन टाकलं जातं, असा हा प्रकार. बाळांना तातडीने हवा असतो तो पृष्ठताणाचा इलाज, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

मोठ्यांच्या एआरडीएसमध्ये (दाहाने फुप्फुस अचानक निकामी होतं त्या अवस्थेत) सरफॅक्टंट देऊन बघितलं. १९९६ मध्ये प्रथिनरहित कृत्रिम सरफॅक्टंटचा फवारा, सेप्सिसच्या ७२५ रुग्णांत: काही फायदा नाही. २००४ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेल्या एसपी-सीसह: पहिल्या दिवशी ऑक्सिजन सुधारला, मृत्यू कमी झाले नाहीत. दोन्हींत दाह आवरणारी जोडी नव्हतीच, त्यामुळे या अपयशाचा ठपका तिच्यावर येत नाही. पण ती असती तर यश आलं असतं, असंही कुणी म्हणू नये. इलास्टेजने भरलेल्या वायुकोशात नवं एसपी-डी ओतलं तर तेही कापलं जाईल, ही भीती आहेच. प्रयोगशाळेत बनवलेलं माणसाचं एसपी-डी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तपासलं जातंय, फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार टळतो का ते बघायला. माझं लक्ष तिकडे आहे.

आता व्यायाम. टाइप-२ पेशीतून सरफॅक्टंट बाहेर पडायला जे संकेत लागतात त्यांत ताण हा फार मोठा. १९९० मध्ये पेशी लवचीक पडद्यावर वाढवून एकदाच ताणल्या, तर आत कॅल्शियम वाढलं आणि सरफॅक्टंट सुटलं. आपण अधूनमधून नकळत उसासा टाकतो, त्याचाही यात वाटा आहे. तेव्हा पेशंटला खोल श्वास घ्यायला लावणं, तो क्षणभर धरायला लावणं, मिटलेले कोश उघडणं, याला पेशीपातळीवर आधार आहे. पण त्याने एसपी-डी वाढून दाह उतरतो असं पेशंटच्या नातेवाइकांना सांगू नका. तेवढा पुरावा नाही.

आणि ताण जास्त झाला तर गणित उलटतं. २००० सालची एआरडीएसची मोठी चाचणी तुम्हाला माहीत असेलच: व्हेंटिलेटरवर किलोमागे १२ मिलीलिटरऐवजी ६ मिलीलिटरचा श्वास दिला, तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले, आणि रक्तातलं आयएल-६ हे दाहाचं संदेशप्रथिनही जास्त उतरलं. औषध नाही, अँटिबायोटिकचा बदल नाही, फक्त कमी ताणलं.

रात्रपाळी:

काकू, मग रक्तात एसपी-डी मोजून कोणाचा दाह रेंगाळणार ते आधी ओळखता येईल का? तपासणी उपलब्ध आहे असं ऐकलंय.

बुडबुडा:

जपानमध्ये इंटरस्टिशियल, म्हणजे वायुकोशांमधल्या ऊतींच्या, फुप्फुसरोगांसाठी रक्तातलं एसपी-ए, एसपी-डी मोजतात, तिथे ते रुळलेलं आहे. न्यूमोनियात आकडा वाचताना सावध राहा. हे प्रथिन राहायला हवं वायुकोशात. रक्तात वाढलेलं दिसलं याचा अर्थ फुप्फुसाने जास्त बनवलं असा नाही, बहुतेक वेळा पडदा गळतोय असा असतो. रक्तात चढलेलं आणि वायुकोशात उतरलेलं, असं एकाच पेशंटमध्ये एकाच दिवशी असू शकतं. वायुकोशातलं मोजायचं तर ब्रॉन्कोस्कोपीने लॅव्हाज (फुप्फुसाचा भाग धुऊन परत ओढलेलं पाणी) घ्यावं लागेल, आणि ऑक्सिजनवर झुंजणाऱ्या पेशंटमध्ये केवळ कुतूहलापोटी ते कोणी करू नये. दुसऱ्या कारणाने लॅव्हाज होणारच असेल तर मात्र उरलेल्या पाण्यातलं थोडं, संमती घेऊन, उणे ८० अंश सेल्सियसला ठेवायला सांगा. इलास्टेज रोखणारं रसायन घातल्याशिवाय ठेवू नका, नाहीतर नळीत पोचेपर्यंतच प्रथिनाचे तुकडे झालेले असतील.